चौकोनांचा फोन

मंगळवारी सकाळी ढुंढिराजने चहाचा कप टेबलावर ठेवला, टेबलाला जरासा धक्का लागला आणि शेजारी पडलेला फोन डुगडुगला. झालं ते एवढंच. पण इतकी वर्षं जो फोन पाटीसारखा सपाट पडून असायचा तो आज हलला, हे काही त्याच्या मनातून जाईना. त्याने बोटाने एक कोपरा दाबला, तर समोरचा कोपरा वर आला. सोडला, तर फोन पुन्हा डुगडुगला आणि थांबला. मग त्याने तो उलटा करून बघितला. पाठीवरचं निळं झाकण मधोमध फुगलं होतं आणि कडेला नखभर फट पडली होती. बॅटरी. संगणक विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. फुगलेली बॅटरी म्हणजे फोन ताबडतोब बंद करायचा, चार्जिंगला मुळीच लावायचा नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याने हे तीन-तीनदा बजावलं असतं. हा आपला होता, म्हणून तो ते झाकण अंगठ्याने हळूहळू दाबत बसला. स्वयंपाकघरातून सुवर्णा म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." तो म्हणाला, "घेतो," आणि बायकोला दिसू नये म्हणून फोनवर वर्तमानपत्र सरकवलं.

त्या फोनला घरीदारी एकच नाव होतं, चौकोनांचा फोन. पडदा उघडला की रंगीत चौकोनच चौकोन, काही लहान, काही मोठे, आणि ते आपले आपण उलटायचे. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला आकडा. बारा वर्षांपूर्वी फोनांच्या बाजारात चार-पाच घराणी नांदत होती तेव्हा ढुंढिराजने हे घराणं निवडलं, आणि नुसतं निवडलं नाही, त्याच्यासाठी भांडला. सातपूरच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो लोकांना पटवायचा, की बघा, टिकला तर हाच टिकेल. मग एकेक घराणं बुडालं. जगात दोनच तऱ्हेचे फोन उरले आणि ढुंढिराजचा त्या दोन्हींत बसत नव्हता. चौकोन बनवणाऱ्यांनीच एके दिवशी हात वर केले. आधी ॲपचं दुकान उठलं, मग व्हॉट्सॲप बंद पडलं, मग बँकेचं ॲप उघडेना. ऑफिसातले म्हणायचे, "साहेब, म्युझियमवाले येऊन गेले, तुमचा फोन मागत होते." पंचवटीच्या बाजारात सरुबाई मेथीच्या जुड्यांमागून स्कॅन करायचं कार्ड पुढे करायची आणि तो खिसे चाचपायला लागला की स्वतःच म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, इसरलेच. तुमचा चौकोनाचा हाय." लेक इरा पुण्याहून आली की बापाच्या हातात नवा फोन कोंबायची, ती गेली की तो कपाटात जायचा. सगळ्यांचं मत पडे की माणूस हट्टी आहे. पडो बापडं. हट्टी म्हणवून घेणं त्याच्या सोयीचं होतं, कारण खरं काय ते सांगणं त्याला जमलं नसतं.

खरं हे होतं, की तो फोन त्याचा नव्हताच. तो अण्णांचा होता. अण्णा म्हणजे ढुंढिराजचे वडील, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. पुलाकडच्या अंगाला तिसऱ्या पायरीवर छत्री रोवून साठ वर्षं बसले. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, कुणी अस्थी घेऊन येवो की नुसतं स्नानाला येवो, अण्णा गाव विचारत, आडनाव विचारत, आणि घरातल्या फडताळातून नेमकी वही मागवून नेमकं पान उघडत. त्या पानावर आलेल्या माणसाच्या पणजोबाची सही असे, आजोबाचा अंगठा असे. त्याच्याखाली या माणसाने आपलं नाव लिहायचं, बायकोचं, मुलांचं लिहायचं आणि सही करायची. नाव एकदा लिहिलं की खोडायचं नाही, आणि खोटं तर लिहायचंच नाही, मग ते सरावासाठी का असेना. अशा चाळीस वह्या. त्यांना ना क्रम ना आकडा. कुठलं घराणं कुठल्या वहीत हे फक्त अण्णांच्या डोक्यात. थोरल्या भावाने ती गादी धरली, तो गेल्यावर त्याच्या मुलाने, अथर्वने. ढुंढिराजने संगणक धरला आणि म्हसरूळला फ्लॅट घेतला. अण्णा त्यावर वाईट असं कधी बोलले नाहीत, पण चांगलंही काही बोलले नाहीत. बापलेकांत बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ते त्या चौकोनांनी दिलं.

मागच्या सिंहस्थाला दोन वर्षं होती तेव्हाची गोष्ट. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णांना लांबचं लख्ख दिसे, पण जवळचं अक्षर लागेना. ढुंढिराजने त्यांना आपल्यासारखाच चौकोनांचा फोन घेऊन दिला आणि त्यात त्यांच्यासाठी ॲप लिहिलं. एकेका गावाचा एक चौकोन, उलटला की आतल्या नोंदींचा आकडा, तळहाताएवढी अक्षरं. आत घराणं, वही, पान, कोण कधी आलं, आणि खाली शेरा. दर रविवारी तो पंचवटीत जायचा आणि अण्णा एका बोटाने नावं घालायचे. इतका वेळ ते दोघे आयुष्यात कधी शेजारी बसले नव्हते. अण्णांच्या धोतराला कापराचा वास यायचा, आणि अक्षर सापडलं की ते नाकातून समाधानाचा आवाज काढायचे. तो आवाज ऐकायला ढुंढिराज मुद्दाम 'अक्षर तुम्हीच शोधा' म्हणायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "अण्णा, सरावाला कुठलंही नाव टाका." अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठलंही म्हणजे? समोर जो आलाय त्याचंच टाकायचं." म्हणून पहिला चौकोन झाला नाशिकचा, त्यात पहिलं नाव ढुंढिराज, आणि शेऱ्यात शब्द दोनच: स्वतः हजर. पुढे दर रविवारी अण्णा आधी तो चौकोन उघडून तारीख घालत आणि मगच कामाला लागत. ॲपच्या तळाशी एक करडं बटण होतं. सगळी नावं एकदम बाहेर काढायची सोय तिथे व्हायची होती. त्यावर ढुंढिराजने लिहून ठेवलं होतं, 'लवकरच'. अण्णा मधूनच विचारत, "हे लवकरच म्हणजे कधी रे, ढुंढी?" तो म्हणे, "होईल की. घाई काय आहे?" त्याला खरंच वाटत होतं की घाई नाही. चौकोन बुडतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते बुडाले. अथर्वने सगळ्यांसारखा फोन घेतला आणि म्हणाला, काका, हे सगळं इकडे आणू. ढुंढिराज म्हणाला, थांब, कंपनी परत येईल. वर्षभर तो हेच म्हणत राहिला. मग एका रविवारी घाटावर, निफाडच्या दहा-बारा माणसांसमोर, अण्णांना एक नाव सापडेना. ॲप अडकलं होतं. अण्णा फोन खाली ठेवत कुणाकडेही न बघता म्हणाले, "हा ना गंगेचा राहिला, ना त्याच्या डबीचा." आणि ढुंढिराजच्या तोंडून गेलं, "मग टाका ना तुमच्या वह्या गंगेत." निफाडची माणसं खाली बघायला लागली. तो उठला, स्कूटर काढली आणि गेला. पुढे अकरा महिने पंचवटीत पाऊल टाकलं नाही. पण म्हसरूळहून सातपूरला जायचं तर होळकर पूल ओलांडावाच लागे. पुलावरून खाली कुंड दिसतं, पायऱ्या दिसतात, छत्र्या दिसतात. रोज सकाळी पुलाच्या मध्यावर आलं की त्याचा हात आपोआप ॲक्सिलरेटरवरून सुटायचा. मान मात्र सरळ. खाली बघायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. पूल संपला की पुन्हा वेग. हे त्याने सुवर्णालाही कधी सांगितलं नाही. अकराव्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी अण्णा घाटावरच विड्याचं पान लावता लावता कलंडले. ढुंढिराज पोचला तेव्हा छत्री मिटलेली होती.

तेराव्यानंतर अथर्वने फोन आणून दिला, म्हणाला, "हा तुमचाच." घरी येऊन त्याने पडदा उघडला आणि नाशिकचा चौकोन उलटला. आकडा होता चारशे चौऱ्याण्णव. तो तसाच बघत राहिला. भांडणाच्या रविवारी तिथे दोनशे एकतीस होते, हे त्याला नक्की आठवत होतं, कारण अण्णांनी तारीख घालून तो आकडा मोठ्याने वाचला होता. त्यानंतर तो गेलाच नाही. मग वरच्या दोनशे त्रेसष्ट नोंदी कसल्या? याचं उत्तर त्याला ताबडतोब सुचलं. एखादं घराणं नेमाच्या वर्षी आलं नाही की अण्णा शेऱ्यात लिहीत, 'यंदा आले नाहीत'. म्हणजे म्हातारा अकरा महिने रोज घाटावर बसून रोज एकच ओळ लिहीत होता. आला नाही. आला नाही. आला नाही. ढुंढिराजने चौकोनावर बोट नेलं आणि मागे घेतलं. त्या दिवसापासून आजवर रोज एकदा तरी बोट तिथपर्यंत गेलं आणि मागे आलं. फोन चालू आहे तोवर वाचता येईल, आणि आजच वाचायला हवं असं नाही. आपलं सिमकार्ड त्यात घालून तोच फोन तो वापरत राहिला. एकच वाटे, 'स्वतः हजर' हे दोन शब्द अण्णांच्या बोटांनी पुन्हा एकदा लिहिलेले असावेत. कधी लिहिणार होते आणि कशाला? आपण गेलोच नव्हतो. हे पक्कं ठाऊक असूनही त्याचं मन तिथेच घोटाळत राही.

वर्तमानपत्राखाली फोन वाजला. अथर्व होता. "काका, सायखेड्याचे कोंडाजी आलेत, सकाळी सातपासून बसलेत. त्यांच्या आईच्या अस्थी आहेत, ठमाबाईंच्या. वही सापडत नाही हो. ते म्हणतात, वडलांची सही बघितल्याबिगर आईला सोडणार नाही. अण्णाआजोबांच्या फोनमध्ये बघता का?" ढुंढिराजने हो म्हटलं आणि सायखेड्याच्या चौकोनावर बोट टेकवलं. चौकोन उलटला, पडदा लुकलुकला आणि काळा झाला. हातात फोन गरम लागत होता.

स्कूटर पुलावर आली तेव्हा हात आपोआप सुटला. सहा वर्षं झाली तरी सुटतच होता. फोन त्याने रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला होता. महात्मा गांधी रोडवर मोबाईलच्या दुकानांच्या ओळीत तृप्तीचा छोटा गाळा आहे. तिशी-पस्तिशीची बाई, डोळ्याला भिंग लावून बसलेली. चौकोनांच्या फोनचा पडदा तिने दोनदा बदलून दिला होता. "या सर," ती म्हणाली, "म्हातारबाबा परत आजारी का?" मग रुमाल सोडला आणि तिचा चेष्टेचा सूर गेला. झाकण उचकटून तिने ती फुगलेली बॅटरी अलगद काढली, वाळूच्या डब्यात ठेवली, डबा गाळ्याबाहेर नेऊन ठेवला. "घरी पेटला असता ना हा. याची बॅटरी आता कुठे बनत नाही. जुनी मिळाली तरी तीपण फुगलेलीच निघणार. संपलं सर, आता नवा घ्या."

"आत नावं आहेत," ढुंढिराज म्हणाला.

"कसली नावं?"

त्याने सांगितलं. वह्या, गावं, अण्णा, घाटावर खोळंबलेले कोंडाजी. तृप्तीने भिंग कपाळावर सरकवलं. "मग इतके दिवस काढली का नाही? दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो मारले असते तरी एका दुपारचं काम होतं."

इरानेही हेच विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, नीट काढायचीत, असे फोटोबिटो नकोत. तृप्तीसमोर ते खोटं त्याच्याने बोलवेना. "काढली असती तर हे संपलं असतं," तो म्हणाला. तिने टेबलावरच्या वीजपेटीला दोन चिमटे जोडले, एक लाल, एक काळा, आणि बॅटरीच्या रिकाम्या खाचेत त्यांची टोकं टेकवली. "असं थेट करंटवर अर्धा तास चालेल. जास्त नाही, बोर्ड तापतंय. भराभर उरका. चौकोन तुम्ही उघडा, फोटो मी काढते."

पडदा उजळला. आधी सायखेडा. ढुंढिराजने पडद्यावर अथर्वचा नंबर बघून तृप्तीच्या फोनवरून लावला. "वही काळ्या कापडाची, पाठीवर सुतळी. पान बहात्तर." पलीकडे धावपळ ऐकू आली, मग बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. "सापडली, काका." तो फोन ठेवणार, तेवढ्यात शेऱ्याकडे नजर गेली. "अथर्व, कोंडाजींना दे जरा." एक जड, सावकाश आवाज आला, "बोला, महाराज." ढुंढिराजने वाचलं, "तुमच्या आईंच्या नावापुढे आमच्या वडलांनी लिहून ठेवलंय. ठमाबाई पाण्याला घाबरतात. हात धरून उतरवावे." कोंडाजी म्हणाले, "खरंय. म्हातारी लय भ्यायची. आज धरतो हात." आणि फोन अथर्वकडे गेला.

मग निफाड, मग चांदोरी, ओझर, पिंपळगाव. तो बोट लावायचा, तृप्ती फोटो घ्यायची. त्याला वाटलं होतं नुसती नावं असतील, पण शेऱ्यांत अण्णा बोलत होते. 'थोरली सून हुशार, तिलाच विचारावे.' 'खंडेराव कमी ऐकतो, उजव्या कानाशी बोलावे.' 'मूल गेले आहे, मुलांची नावे विचारू नयेत.' हा माणूस घरात दिवसाकाठी वीस शब्द बोलत नसे. अठ्ठावीस चौकोन झाले. फोनची पाठ चटका बसावा इतकी तापली होती. तळाशी ते करडं बटण होतं, लवकरच. ढुंढिराजला त्या बटणाची इतकी लाज वाटली की त्याने त्यावर अंगठा ठेवला.

"हा राहिला," तृप्ती म्हणाली. "नाशिक. चारशे चौऱ्याण्णव."

"तो नको."

"एकच घर आहे सर, मिनिटाचं काम."

"माहीत आहे त्यात काय आहे ते." आपला आवाज चढल्याचं त्याचं त्यालाच कळलं. तो वळला आणि रस्त्याकडे बघू लागला. समोर एक रिक्षावाला काच पुसत होता. आत्ता म्हटलं तर ती चिमटे काढेल आणि प्रश्न मिटेल. मग आयुष्यभर हेच, आला नाही, न वाचलेलं पण पाठ असलेलं. "तुम्ही काढा," तो म्हणाला. "मी बघत नाही."

बराच वेळ फोटोचा आवाज आला नाही. तृप्ती म्हणाली, "सर, हे हजर धरले म्हणजे काय?"

"काय?"

"वर ताजी नोंद आहे, बुधवारची. वाचू?" आणि ती शाळेतल्यासारखं सरळ वाचू लागली. "बुधवार. पुलावर गाडी हळू केली. हजर धरले. मंगळवार. पुलावर गाडी हळू केली. हजर धरले. सोमवार. आज जोरात गेला, उशीर झाला असेल. हजर धरले. शनिवार. हेल्मेट नाही. हजर धरले." ती बोटाने खाली सरकवत गेली. "खाली सगळं तेच आहे सर. पुलावर गाडी हळू केली, पुलावर गाडी हळू केली. मध्ये एक आहे, दोन दिवस दिसला नाही, ताप असेल, अथर्वला चौकशीस सांगितले."

अथर्वचा तेव्हा फोन आला होता. काका, बरे आहात ना, सहजच केला. तो 'बराय' म्हणून तुटक बोलला होता. अण्णांना लांबचं लख्ख दिसे. तिसरी पायरी, पुलाकडचं तोंड. जागा बदलून सावलीत बसा म्हणून अथर्व त्या उन्हाळ्यात मागे लागला होता, आणि अण्णा हलायला तयार नव्हते. रोज सकाळी आपण मान सरळ ठेवून जात होतो आणि खाली एक म्हातारा आपल्या हाताकडे बघत होता. मान फिरवली असती तर. एकदाच. एवढीशी मान. त्याला रडू आलं, आणि तृप्तीसमोर ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि उरलेले फोटो भराभर घेतले.

"झालं सर. सगळं आलं. बंद करू? फार तापलाय."

"एक मिनिट," तो म्हणाला. त्याने फोन आपल्याकडे वळवला. नाशिक, ढुंढिराज, नवी नोंद. अण्णांसाठी केलेली, टाइप करायची मोठ्या अक्षरांची पाटी उघडली. तो एका बोटाने अक्षरं शोधू लागला, जशी अण्णा शोधत तशी, सावकाश. मंगळवार. थांबला. मग थोडा वेळ घेऊन पुढचे दोन शब्द. स्वतः हजर. चौकोन उलटला आणि चारशे पंच्याण्णव झाले.

तृप्तीने आपला फोन उचलला. "याचा पण घेते."

"नको," ढुंढिराज म्हणाला. "तेवढं अण्णांना."

तिने आधी लाल चिमटा काढला, मग काळा.